तो दुसऱ्या मजल्याच्या वर येऊ शकत नाही

ताई,
मी 34 वर्षांची. भांडुपला राहते, फोर्टमधल्या एका पतपेढीत नोकरी करते. पगार 38 हजार. तीन वर्षांपूर्वी लोकलमधला वेळ जावा म्हणून मोबाइलवर, एका ॲपवर, कादंबरी लिहायला घेतली. लोअर परळच्या टॉवरमध्ये नोकरी करणारी मुलगी आणि त्याच जागेवरच्या जुन्या गिरणीत 1982 साली मेलेला एक बदली कामगार, यांची प्रेमकथा. बघता बघता 214 भाग झाले. महिन्याला कधी चार हजार मिळतात, कधी अकरा. एक दिवस भाग टाकला नाही तर वाचक रागावतात. अलीकडे भाग लिहिताना कंटाळा येतो, का ते कळत नाही. आता एका ऑडिओ कंपनीने एकरकमी 40 हजार देऊ केलेत. करारात लिहिलंय, सर्व माध्यमांतले सर्व हक्क, संपूर्ण जगात, कायमचे. पंधरा दिवसांत सही हवी आहे. मला नोकरी सोडून पूर्णवेळ हेच लिहायचंय. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. सासरे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी अनेक वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलंय. ते म्हणतात, भुताखेतांचं लिहून तू लोकांना मागे नेतेस. एका लेखन कार्यशाळेत एका मोठ्या लेखकाने सगळ्यांसमोर सांगितलं, हे साहित्य नव्हे. मी टोपणनावाने लिहिते, ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. काय करू?
– रातराणी, भांडुप

प्रिय रातराणी,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी त्याच रात्री तुझी कादंबरी उघडली. न वाचता सल्ला देणं बरं दिसलं नसतं. पहिले चाळीस भाग एका बैठकीत झाले, घड्याळात बघितलं तर दोन वाजून गेले होते. उरलेले वाचायला नऊ दिवस लागले. म्हणून आधी कादंबरीबद्दल बोलते. नोकरी, करार, सासरे यांच्याबद्दल मला जे म्हणायचंय ते तिच्यातूनच येणार आहे.

नववा भाग. तुझी नायिका बाविसाव्या मजल्यावर काम करते आणि तो तिथे कधीच येत नाही. ती विचारते, का रे? तो म्हणतो, गिरणी दुमजली होती, त्याच्या वर मी पाय कुठे ठेवू? हे वाक्य वाचून मी मोबाइल खाली ठेवला. त्याच्या पायाखाली जेवढी फरशी तेव्हा होती तेवढीच आजही आहे. वरचे वीस मजले त्याच्या लेखी नुसती हवा. मग रोज दुपारी तीच डबा घेऊन खाली येते. आता दुसऱ्या मजल्यावर पार्किंग आहे. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, खांबाला टेकून, ती डबा उघडते. बांगड्याचं तिखलं असतं. त्याला खाता येत नाही. तो डोळे मिटून वास घेतो आणि म्हणतो, "तिरफळां कमी पडली." ती खरंच कमी पडलेली असतात, कारण बाजारात मिळालीच नव्हती. गावाकडची आई, परळची खानावळ, मेल्यानंतरची चाळीस वर्षं, सगळं त्या तीन शब्दांत आलंय. हे तुला कुणी शिकवलेलं नाही. हे तुझं आहे.

आता भाग 140. पावसाळी रात्र, बाविसाव्या मजल्यावरची गच्ची, आणि तो अचानक तिथे उभा. तिचा हात हातात घेतो. खाली वाचकांच्या बदामांचा पाऊस पडलाय, पाहिला मी. पण मला वाईट वाटलं. वाचक मागत होते म्हणून तू त्याला वर आणलंस, आणि त्या क्षणापासून त्याला काहीही करता येऊ लागलं. भाग 150 मध्ये तो लोकलमध्ये बसतो, 163 मध्ये पनवेलच्या पुढे जातो, 190 मध्ये तिच्या लग्न ठरलेल्या मुलाच्या स्वप्नात शिरतो. ती खाली यायची ना, त्यात जीव होता. लंच टाइम 45 मिनिटांचा, लिफ्टला गर्दी, बॉसचा फोन, आणि तरी ती यायची. आता त्याला कुठेही जाता येतं, त्यामुळे तिला कुठे जायची गरजच राहिली नाही. तू लिहितेस की अलीकडे भाग लिहिताना कंटाळा येतो आणि कारण कळत नाही. कारण हे आहे.

पाश्चात्त्य पॅरानॉर्मल रोमान्समधला, म्हणजे अमानवी पात्रांच्या प्रेमकथांमधला, नायक बहुतेकदा बलवान असतो. व्हॅम्पायर असेल तर शेकडो वर्षं जगलेला, श्रीमंत, देखणा, त्याला अडवणारं फारसं कुणी नाही. तिकडे ते चालतं, त्यामागे त्यांची परंपरा आहे. आपल्याकडची भुतं बघ. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोर, पिंपळावर बसलेला. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे कसली तरी वासना मागे ठेवून गेलेला माणूस. कोकणातला देवचार तर गावाची राखणच करतो, त्याची हद्द ठरलेली, त्याचा मान ठरलेला. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं आहे आणि प्रत्येकाला एका जागेची वेस आहे. आजी गोष्ट सांगायची तेव्हा पहिली भीती वाटायची आणि मग दया यायची, आठवतं? आपल्या मातीत भुताची प्रेमकथा लिहायची तर ती या दयेवर उभी राहते. तू नकळत तीच वाट धरली होतीस. दुमजली गिरणी ही त्याची वेस आहे.

आणि त्याचं राहून काय गेलंय? ते तू सहाव्या भागात सांगून ठेवलंयस आणि पुढे 208 भागांत विसरलीस. गिरणी कामगारांच्या संपाच्या दोनच दिवस आधी, तिसऱ्या पाळीत, दुसऱ्याच्या जागी साच्यावर, म्हणजे मागावर, उभा असताना तो मेला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्या गदारोळात एका बदलीवाल्याच्या मरणाची नोंद कुणी केलीच नाही. मस्टरवर त्या रात्री ज्याच्या जागी तो उभा होता त्याचंच नाव. तो नायिकेला म्हणतो, "माझं नाव कुठे तरी लागायला हवं होतं." रातराणी, तुझ्या कादंबरीचा शेवट इथे आहे. तो तुला शोधायचा नाही, फक्त तिथे परत जायचंय.

म्हणून माझा पहिला सल्ला: कादंबरी पूर्ण कर. नोकरी सोडायच्या आधी, करारावर सही करायच्या आधी, सगळ्याच्या आधी.

ॲपवर रोजच्या भागाची सवय लागते, ती तोडणं किती कठीण हे मला कळतं. वाचक हजर असतात, लगेच बोलतात, थोडे पैसेही येतात. पण ॲपला न संपणारी गोष्ट परवडते, लेखकाला परवडत नाही. तुझा एक भाग साधारण हजार शब्दांचा, म्हणजे आत्ताच दोन लाख चौदा हजार शब्द झाले. छापायचं म्हटलं तर सातशे पानं होतील. नवख्या लेखिकेचं सातशे पानांचं पुस्तक कोण काढेल? पुस्तक म्हणून ती ऐंशी-नव्वद हजार शब्दांत बसते, मी हिशेब केलाय. पहिले 139 भाग घे, त्यातले लग्नाच्या बोलणीचे आणि ऑफिसच्या राजकारणाचे निम्मे काढ, 140 पासून 214 पूर्ण बाजूला ठेव आणि शेवटचे पंधरा-वीस प्रसंग नव्याने लिही. ॲपवरच्या वाचकांना सरळ सांग की शेवट लिहितेय, महिनाभर भाग येणार नाही. काही जातील. जे पार्किंगमधल्या डब्यासाठी येत होते ते थांबतील.

अमेरिकेतल्या शार्लेन हॅरिस यांचं उदाहरण देते, कारण ते तुझ्या कामाचं आहे. त्यांची पहिली कादंबरी 1981 साली आली, ती रहस्यकथा होती. एका छोट्या गावातली वेट्रेस आणि तिच्या आयुष्यात आलेला व्हॅम्पायर, ही त्यांची गाजलेली मालिका सुरू झाली 2001 मध्ये. मधल्या वीस वर्षांत त्यांनी बऱ्याच रहस्यकादंबऱ्या पूर्ण केल्या. 2008 मध्ये त्यावर टीव्ही मालिका आली आणि जगभर नाव झालं. तेराव्या पुस्तकावर, 2013 मध्ये, त्यांनी ती मालिका संपवली. नायिका कुणाची होणार यावरून वाचक त्यांच्यावर भयंकर संतापले. तरी शेवट त्यांनी स्वतःला जसा दिसत होता तसाच केला. तुझ्या 140 व्या भागापाशी मला त्यांची फार आठवण झाली.

आता नोकरी. आत्ता सोडू नकोस.

तुला परावृत्त करायला हे म्हणत नाही. आकडे समोर ठेव. चार ते अकरा हजारांतले अकरा आपल्या लक्षात राहतात, घर चालवायचं असतं चारावर. मराठीत छापील कादंबरीची आवृत्ती बरेचदा हजार प्रतींची, कधी त्याहून लहान. 300 रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी धरली तर हजारच्या हजार प्रती खपल्यावर 30 हजार हातात येतात. तेही एकदम नाही, वर्षा-दोन वर्षांत. म्हणजे तुझ्या एका महिन्याच्या पगाराहून कमी. ई-बुक, ऑडिओ, ॲप, दिवाळी अंकाचं मानधन, कधी नशिबाने वेब मालिकेचे हक्क, असे पाच-सहा बारीक झरे एकत्र आले की लेखकाचं घर चालतं. एका झऱ्यावर नाही. आणि हे झरे तयार होतात पूर्ण झालेल्या पुस्तकांतून. एकच कादंबरी, तीही अर्धवट, यातून फक्त ॲपचाच झरा वाहतो, आणि ॲपने उद्या नियम बदलले की तो आटतो.

रत्नाकर मतकरी आपल्या मुंबईचेच. गूढकथा म्हटलं की आजही पहिलं नाव त्यांचं निघतं. त्यांनी वीस वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि 1978 मध्ये ती सोडून पूर्णवेळ लेखन-नाटकाकडे वळले. सोडली तेव्हा त्यांच्या मागे नाटकं होती, कथासंग्रह होते, बालरंगभूमीचं काम होतं. नलिनी सिंग यांचं नाव तू ऐकलं असशील. फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या लेखिका, आज पॅरानॉर्मल रोमान्समधल्या मोठ्या नावांपैकी एक. त्यांनी वकिली केली, ग्रंथालयात काम केलं, चॉकलेट-गोळ्यांच्या कारखान्यात केलं, बँकेत हंगामी नोकरीसुद्धा केली. त्यांची मोठी मालिका सुरू झाली 2006 मध्ये, पण त्याच्या आधी साध्या प्रेमकादंबऱ्या लिहून त्यांचा हात बसलेला होता.

तुझ्यासाठी माझं माप असं आहे: एक पुस्तक छापून झालेलं, दुसरं पूर्ण लिहून झालेलं, बँकेत वर्षभराचा घरखर्च, आणि लेखनाचे पैसे किमान दोन वेगळ्या ठिकाणांहून सलग वर्षभर येत असलेले. एवढं झालं की राजीनामा दे, मी पेढे मागायला येईन. तोवर साठलेल्या रजेतले पंधरा दिवस काढ आणि शेवट लिही. लोकलमध्ये अंगठ्याने लिहिलेलं हजार शब्दांच्या भागाला पुरतं, शेवटाला पुरत नाही. शेवटाला दार लावून बसावं लागतं. भांडुपच्या घरात दार लावायला खोली नसेल तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बस. 1898 पासूनची संस्था आहे, तिथे वाचणाऱ्यांच्या आणि लिहिणाऱ्यांच्या किती पिढ्या बसून गेल्यात. आणखी एक, पतपेढीचे सेवानियम बघून घे. काही ठिकाणी बाहेरच्या उत्पन्नासाठी लेखी परवानगी लागते. उद्या पुस्तक गाजल्यावर कुणी ते उकरून काढण्यापेक्षा आज एक अर्ज दिलेला बरा.

करारावर आत्ता आहे तशी सही करू नकोस. इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी.

खूप वर्षांपूर्वी माझी एक गूढकथा एका दिवाळी अंकात आली होती. विहिरीवरच्या एका बाईची गोष्ट, माझ्या आजोळची. पुढे एका निर्मात्याने ती मागितली, एका पानाच्या कागदावर सही घेतली आणि पाकिटात थोडे पैसे दिले. मला आनंदच झाला. वर्षभराने ती गोष्ट टीव्हीवर पाहिली. विहीर होती, बाई होती, तिचा तो पितळी तांब्यासुद्धा होता. श्रेयनामावलीत माझं नाव नव्हतं. आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "अगं, ही तर तुझी." मी काही बोलू शकले नाही. मी कशावर सही केली होती तेच मला ठाऊक नव्हतं. तुझ्या नायकाचं ते "नाव लागायला हवं होतं" वाचताना मला का गलबललं, तुला आता कळलं असेल.

तेव्हा जे मला माहीत नव्हतं ते तुला सांगते. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यानुसार हक्क दिले असं मानायचं तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो, आणि त्यात कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि किती मोबदला हे स्पष्ट असावं लागतं. काळ लिहिलेला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही तर ते हक्क परत येतात, पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. म्हणूनच तुझ्या करारात "कायमचे", "संपूर्ण जगात", "सर्व माध्यमांत" हे शब्द घातलेत. ते शोभेचे नाहीत. कायद्याने तुला दिलेला आधार त्या एकेका शब्दाने काढून घेतला जातो.

हक्क विकणं वेगळं आणि परवाना देणं वेगळं. घर विकणं आणि भाड्याने देणं यात जो फरक आहे तोच. कंपनीला तुझ्या कादंबरीचं मराठी ऑडिओ हवंय ना? मग फक्त मराठी ऑडिओचा परवाना दे, तीन किंवा पाच वर्षांसाठी. छापील पुस्तक, ई-बुक, भाषांतर, नाटक, चित्रपट, वेब मालिका, आणि याच पात्रांवरचं पुढचं पुस्तक, हे सगळं तुझ्याकडे राहील असं नाव घेऊन लिहून घे. शेवटचं विसरू नकोस. तुझ्या प्रकारच्या लेखनात वाचक पात्रांमागे येतात, आणि ती पात्रंच तू विकून बसलीस तर दुसरा भाग लिहायला तुलाच परवानगी मागावी लागेल. 40 हजार ही रक्कम आगाऊ म्हणून धरायला सांग, त्यापुढे ऐकण्याच्या प्रमाणात वाटा. नाव कसं आणि कुठे येईल हेही लिहून घे. हक्क देऊन टाकले तरी लेखक म्हणून ओळख सांगण्याचा आणि कलाकृतीची मोडतोड झाली तर आक्षेप घेण्याचा अधिकार कायद्याच्या 57 व्या कलमाने लेखकाकडे राहतो. पण कोर्टात जाऊन तो मिळवण्यापेक्षा करारात असलेला सोपा. आणि ॲपच्या अटीही पुन्हा वाच. पैसे देऊन वाचायच्या भागांसाठी तू त्यांना एकट्यालाच हक्क दिलेले असतील तर ऑडिओ कंपनीला देण्याजोगं तुझ्याकडे काय उरलंय, ते आधी बघायला हवं.

कॉपीराइटची जाणकारी असलेल्या वकिलाला हे कागद एकदा दाखव. दोन-चार हजार जातील, ते 40 हजारांतून गेले असं समज. पंधरा दिवसांच्या मुदतीची धास्ती घेऊ नकोस. ज्यांना तुझी कादंबरी खरोखर हवी आहे ते विसाव्या दिवशीही फोन उचलतात.

टोपणनाव ठेवायला हरकत नाही. फक्त करार तुझ्या खऱ्या नावाने कर आणि रातराणी म्हणजे तूच, याचा लेखी पुरावा घरात ठेव. टोपणनावाने आलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट प्रकाशनापासून 60 वर्षं चालतो. लेखकाची ओळख जाहीर केली तर लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. तू 34 वर्षांची आहेस, तुझ्या मुलांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

"हे साहित्य नव्हे" म्हणणाऱ्यांबद्दल मला फार लिहायचं नाही. लोकप्रिय कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या एका प्रेमकथेवर अश्लीलतेचा खटला चालला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये ते निर्दोष सुटले. प्रेमाचं आणि भयाचं लिहिणाऱ्यांना मराठीत हे ऐकावंच लागलंय, आणि त्यांची पुस्तकं वाचनालयांत फाटेपर्यंत फिरली आहेत. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची पुस्तकं कव्हर गेलेली, कडांना पट्ट्या चिकटवलेली, अशीच मी वाचली. त्या लेखकाने तुझा नववा भाग वाचला होता का? नसेल तर ते मत तुझ्याबद्दल नव्हतंच.

सासऱ्यांचं मात्र तसं नाही. त्यांच्या मताला मी मान देते, तूही दे.

जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 साली आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली त्याच वर्षी. ज्यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली त्यांना घरातच भुताची गोष्ट दिसली तर टोचणारच. कादंबरी लिहिणं त्या कायद्यात बसत नाही, ती भीती मनातून काढून टाक. अंगात शक्ती असल्याचं सांगून फसवणं, छळणं, लुबाडणं, अशी ठरावीक कृत्यं त्याच्या अनुसूचीत दिलेली आहेत. पण तुझा 77 वा भाग काढ. नायिकेला ताप येतो, घरचे भगताला बोलावतात, तो तिला वेताच्या छडीने मारतो आणि सकाळी तिचा ताप उतरलेला असतो. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हे त्या अनुसूचीत अगदी पहिलं आहे. का, ते सासरे तुला सांगतील, त्यांनी अशा बाया पाहिल्या असतील. तुझ्या गोष्टीत तो मार उपयोगी पडलाय, आणि हे मला खटकलं. तो प्रसंग काढून टाक. हवाच असेल तर मारामुळे ती मरता मरता वाचते, आणि तिला वाचवायला तो दुसऱ्या मजल्यावरून येऊ शकत नाही, असं लिही. बघ काय होतं ते.

तू पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली, घाईत एक ओळ लिहिली आहेस, ती वर छापलेली नाही. सासऱ्यांचे वडील करी रोडला साचेवाले होते आणि संपानंतर पुन्हा कधी कामावर गेले नाहीत. मी ती ओळ तीनदा वाचली. 214 भाग तू गिरणीबद्दल लिहिलंस आणि घरात बसलेल्या माणसाला एकदाही काही विचारलं नाहीस. संपाच्या वेळी ते पंचविशीचे असतील, त्यांना सगळं आठवत असणार. भोंगा किती वाजता व्हायचा, तिसऱ्या पाळीहून आल्यावर वडील आधी काय करायचे, त्या वर्षी घरात काय शिजायचं. त्यांना भूत दाखवू नकोस, भूत नंतर. आज रात्री जेवणं झाली की वही घेऊन त्यांच्या शेजारी बस आणि तुझ्या शेवटासाठी लागणारा तेवढा एकच प्रश्न विचार: बाबा, बदलीवाल्याचं नाव मस्टरवर कुठे लिहायचे?

तुझी,
ताई